भांडण खुर्चीचं, मॅच हुकली मुलींची

समजा, २३ तारखेला तुमचा पेपर आहे. वर्षभर अभ्यास केलात, फी भरलीत, हॉल तिकीट घेऊन परगावच्या सेंटरवर पोहोचलातसुद्धा. आणि तिथे कळलं की तुम्हाला बसता येणार नाही. का? तर तुमच्या कॉलेजच्या कमिटीने वेळेत निवडणूक घेतली नाही म्हणून! चालेल तुम्हाला?

ऑगस्ट २०२२ मध्ये गोकुलम केरला क्लबच्या मुलींचं असंच झालं. इंडियन विमेन्स लीग सलग दुसऱ्यांदा जिंकून त्या आशियाई महिला क्लब चॅम्पियनशिपसाठी उझबेकिस्तानला गेल्या. १६ ऑगस्टला ताश्कंदला पोहोचल्या आणि बातमी कळली, फिफाने भारतीय फुटबॉल महासंघाला निलंबित केलंय. निलंबित देशाचा क्लब आंतरराष्ट्रीय स्पर्धेत खेळू शकत नाही. २३ तारखेची सोग्दियानाविरुद्धची मॅच आणि २६ तारखेची इराणच्या बाम खातूनविरुद्धची, दोन्ही हुकल्या.

कारण काय होतं? महासंघाच्या अध्यक्षांची मुदत डिसेंबर २०२० मध्येच संपली होती, पण निवडणूक काही होत नव्हती. शेवटी मे २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने कारभार प्रशासक समितीकडे सोपवला. महासंघात बाहेरच्या कुणाचा हस्तक्षेप फिफाला चालत नाही. झालं, निलंबन! यात ताश्कंदच्या हॉटेलात बसलेल्या मुलींचा दोष किती? शून्य. त्यांनी पंतप्रधानांना पत्र लिहिलं, क्रीडा मंत्रालयाने फिफाला विनंती केली. उपयोग झाला नाही.

खरी बोच पुढे आहे. २२ ऑगस्टला कोर्टाने समिती बरखास्त केली आणि २६ ला निलंबन उठलं. म्हणजे मुलींच्या दुसऱ्या मॅचच्याच दिवशी! एटीके मोहन बागानच्या पुरुष संघाची एएफसी कपची मॅच ७ सप्टेंबरला कोलकात्यात ठरल्याप्रमाणे झाली. ऑक्टोबरमधला मुलींचा अंडर-१७ वर्ल्ड कपही वाचला. त्याची फायनल तर आपल्या नवी मुंबईत झाली, तुमच्यापैकी काही जण गेलेही असतील. गेली ती फक्त गोकुलमची स्पर्धा.

‘दोनच तर मॅचेस’ असं म्हणू नका. त्या वर्षी मुलींची अख्खी लीग १५ एप्रिल ते २६ मे, एवढीच चालली. जिथे सीझनच सहा आठवड्यांचा, तिथे आशियाई स्पर्धेतल्या दोन मॅचेस म्हणजे केवढं तरी.

आधीच्या वर्षी, २०२१ मध्ये, याच स्पर्धेत जॉर्डनमधल्या अकाबा इथे गोकुलमने उझबेकिस्तानच्या बुन्योदकोरला ३-१ असं हरवलं होतं. त्यात मनीषा कल्याणने गोल केला. या स्पर्धेत गोल करणारी ती पहिली भारतीय. तीच मनीषा १८ ऑगस्ट २०२२ ला सायप्रसच्या अपोलोन क्लबकडून युरोपच्या महिला चॅम्पियन्स लीगमध्ये उतरली. तिच्या जुन्या टीममेट्स तेव्हा ताश्कंदमध्ये अडकल्या होत्या! आशियाई स्पर्धेत खेळाडू बाहेरच्या क्लबांच्या नजरेत येते. ती संधी कुणी परत दिली? गोकुलम २०२३ मध्ये पुन्हा या स्पर्धेत उतरला खरा, पण खेळाडूचं एक वर्ष परत येत नाही.

म्हणून एक सांगणं आहे. ‘महासंघाची निवडणूक लांबणीवर’ अशी हेडलाइन दिसली की बोअर म्हणून पान उलटू नका. त्या लांबणीवर पडलेल्या तारखेची किंमत कुठली तरी खेळाडू मोजत असते. आणि हे फक्त दिल्ली-झ्युरिकचं आहे असंही नाही. आपल्या कॉलेजच्या मुलींच्या टीमची एन्ट्री वेळेत गेली का? त्यांना ग्राउंड मिळतं का, की मुलांचं झाल्यावर उरलेला अंधार? उद्या जिमखान्यात जा आणि विचारा. मॅच हुकल्यावर हळहळण्यापेक्षा हे सोपं आहे.