माजलाय की दुखतंय?

पाळलेला कुत्रा अंगावर आला की आपल्याकडे निदान तयारच असतं. माजलाय, लाडावलाय, नाहीतर म्हातारपणी डोकं फिरलंय. "त्याला कुठे दुखत तर नसेल?" असं विचारणारा विरळाच. माझ्या मते पहिला प्रश्न हाच हवा.

इथे देहूरोडला आमच्या खालच्या मजल्यावर नऊ वर्षांचा लॅब्रॅडॉर आहे. सगळ्या पोरांचा लाडका, पण गेल्या पावसाळ्यात त्यांच्यावरच गुरगुरायला लागला. एकाने कमरेवर हात ठेवला तर चावता चावता राहिला. सोसायटीच्या मीटिंगमध्ये ठरत आलं होतं, लांब कुठेतरी सोडून या! एका काकूंनी तेवढं पाहिलं होतं की तो जिना चढताना मध्येच थांबतो. एक्स-रे काढला तर दोन्ही खुबे झिजलेले. औषधं सुरू झाली, गुळगुळीत टाइल्सवर सतरंज्या आल्या, वजन उतरवलं. गुरगुर पुष्कळ कमी झालीय, पूर्ण गेलेली नाही.

इंग्लंडमधल्या लिंकन विद्यापीठाचे डॅनियल मिल्स आणि सहकाऱ्यांनी २०२० साली लिहिलंय की वागणुकीच्या तक्रारीसाठी त्यांच्याकडे पाठवलेल्या प्राण्यांपैकी साधारण एक तृतीयांशांना कसलं ना कसलं दुखणं असतं. काही ठिकाणी हा आकडा ८० टक्क्यांच्या जवळ जातो. त्यांचा सल्ला मला पटला: शंका आली तर आधी वेदनेवर उपचार करा, ट्रेनिंग फसल्यावर नव्हे.

फटाक्यांचंही तसंच. त्याच विद्यापीठाच्या २०१८ च्या एका छोट्या अभ्यासात, स्नायू किंवा सांधे दुखणाऱ्या कुत्र्यांमध्ये आवाजाची भीती इतरांपेक्षा सरासरी चारेक वर्षं उशिरा सुरू झालेली दिसली. दचकलं की अंग आखडतं, दुखऱ्या सांध्यात कळ येते, मग आवाजाचीच धास्ती बसते. म्हणजे सात दिवाळ्या निवांत झोपलेला कुत्रा आठव्या दिवाळीला पलंगाखाली शिरला, तर सांधे तपासायला हवेत.

मांजर गादीवर मुतलं तर ते सूड उगवत नसतं. लघवीच्या जागी जळजळ असेल, किंवा ट्रेची उंच कड चढवत नसेल.

डॉक्टरकडे नेताना घरचा व्हिडिओ घेऊन जा. तिथल्या टेबलावर लंगडणं गायब होतं. (आमचे बगसुद्धा टेस्टरसमोर असेच शहाण्यासारखे वागतात.) आणि हो, घरातली पॅरासिटामॉल परस्पर देऊ नका. मांजराचा तर तिने जीव जातो.