यंत्र मिळाले, ऐकण्याचे काय?

विशेष प्रतिनिधी

वाचताना अक्षरे पुसट दिसू लागली की माणूस चष्मा लावतो आणि त्या चष्म्याला मराठीने 'चाळिशी' असे घरगुती नाव देऊन टाकले आहे. त्यात कुणालाही कमीपणा वाटत नाही. कानाच्या बाबतीत मात्र समाजाने हा समजूतदारपणा दाखविलेला नाही. रंगभूमीवर बहिरा म्हातारा हे हमखास हशा वसूल करणारे पात्र ठरले आणि 'आजोबांना हवे तेवढेच ऐकू येते' हा विनोद घरोघरी चालत राहिला. या विनोदाआड सार्वजनिक आरोग्याचा एक गंभीर प्रश्न दडला आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२१ मध्ये श्रवणविषयक पहिला जागतिक अहवाल प्रसिद्ध केला. जगात सुमारे दीडशे कोटी लोकांना कमी-अधिक श्रवणदोष असून, त्यापैकी ४३ कोटी लोकांना उपचार किंवा यंत्राची गरज आहे, असे हा अहवाल सांगतो. साठी ओलांडलेल्यांपैकी एक चतुर्थांशाहून अधिक लोकांना दैनंदिन व्यवहारात अडथळा येईल इतका दोष असतो. भारतात २०११ च्या जनगणनेनुसार साठीपुढील नागरिक सुमारे १०.४ कोटी होते. जागतिक प्रमाण लावले तर त्यातील अडीच कोटींच्या आसपास लोकांना कमी ऐकू येत असावे. त्याच जनगणनेत श्रवणदोषाची नोंद मात्र सर्व वयोगट मिळून अवघी ५० लाखांच्या घरात आहे. जे दुखणे 'वय झाले' म्हणून सोडून दिले जाते, ते नोंदवहीपर्यंत पोहोचतच नाही.

आवाज येतो, शब्द कळत नाही

वार्धक्यातील श्रवणदोषाचे स्वरूप नीट समजून घेतले पाहिजे. आतल्या कानातील शंखाकृती भागात सूक्ष्म केशपेशी असतात. वयोमानाने त्या झिजतात आणि पुन्हा निर्माण होत नाहीत. ही झीज प्रथम उच्च कंप्रतेचे ध्वनी टिपणाऱ्या पेशींची होते. 'स', 'श', 'फ' यांसारखी व्यंजने नेमकी याच पट्ट्यात येतात. स्वर मात्र बराच काळ स्पष्ट ऐकू येतात. परिणामी रिक्षावाल्याने 'साठ' म्हटले तरी आजोबांना 'आठ' ऐकू येते. नातवंडांचा बारीक आवाज कानावर पडतो, पण त्यातले शब्द हाती लागत नाहीत. पुरुषांचे भारदस्त बोलणे कळते आणि सुनेचे कळत नाही, यात हेका नसून शरीरशास्त्र आहे.

म्हणूनच ओरडून बोलण्याने काही साधत नाही. ओरडल्याने स्वर मोठे होतात, व्यंजने तशीच पुसट राहतात. शिवाय बोलणाऱ्याचा चेहरा रागावलेला दिसतो. काही दिवसांनी घरातले लोक 'काही नाही, राहू दे' म्हणू लागतात आणि ज्येष्ठ माणूस संभाषणातून हळूहळू बाहेर पडतो. लग्नसमारंभ, भजन, कट्टा ही ठिकाणे एकेक करून सुटतात. हे एकटेपण मनापुरतेच राहत नाही. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या आयोगाने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाची टाळता येण्याजोगी चौदा कारणे दिली. मध्यम वयापासूनचा श्रवणदोष हे त्यातील प्रमुख कारणांपैकी एक आहे.

श्रवणयंत्राने स्मृतिभ्रंश टळतो काय, याचे उत्तर सावधपणेच द्यावे लागेल. अमेरिकेतील ७० ते ८४ वयोगटाच्या ९७७ जणांवर तीन वर्षे झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. यंत्र व समुपदेशन मिळालेल्या आणि न मिळालेल्या दोन्ही गटांत, सर्वांचा एकत्र विचार करता, बौद्धिक क्षमतेच्या घसरणीत लक्षणीय फरक दिसला नाही. मात्र ज्यांना धोका मुळातच अधिक होता, अशा गटात ही घसरण ४८ टक्क्यांनी कमी आढळली. तेव्हा यंत्र म्हणजे रामबाण नव्हे. पण हानीरहित असा इतका सोपा उपाय दुर्लक्षित ठेवणे शहाणपणाचे नाही. शिवाय जेवणाच्या ताटावर पुन्हा गप्पांत सामील होता येणे, हा लाभ सिद्ध करण्यासाठी कोणत्याही चाचणीची गरज नाही.

खणात पडलेली यंत्रे

असे असताना यंत्रे का वापरली जात नाहीत? ज्यांना लाभ होऊ शकेल, अशांपैकी जगभरात केवळ १७ टक्के लोक ती वापरतात, असे जागतिक आरोग्य संघटनेचा अहवाल सांगतो. किंमत हे एक कारण आहे. चांगल्या डिजिटल यंत्राची किंमत हजारांपासून लाखांपर्यंत जाते आणि बहुतेक खासगी विमा पॉलिसींमध्ये हा खर्च बसत नाही. पण ज्यांनी पैसे मोजले, त्यांचीही यंत्रे कित्येकदा खणात पडून असतात.

याचे कारण यंत्राविषयीच्या चुकीच्या अपेक्षेत आहे. चष्मा डोळ्यावर चढविताच दिसू लागते, यंत्राचे तसे नाही. वर्षानुवर्षे शांततेला सरावलेल्या मेंदूला पंख्याची घरघर, कुकरची शिट्टी, वर्तमानपत्राची सळसळ सुरुवातीला असह्य वाटते. प्रारंभी घरच्या शांततेत रोज एक-दोन तास, मग हळूहळू बाजारात, मग कार्यालयातील गर्दीत, अशी काही आठवड्यांची सवय करावी लागते. या काळात श्रवणतज्ज्ञाकडे दोन-तीन खेपा करून यंत्राची जुळवणी बदलून घ्यावी लागते. कानातील मळाने नळी बुजते, पावसाळ्यातील दमटपणाने यंत्र बिघडते आणि लहानशा सेलवरील चिकटपट्टी एकदा काढली की तो न वापरताही उतरू लागतो. या बारीकसारीक गोष्टी कुणी सांगितल्या नाहीत, तर पहिल्याच महिन्यात 'हे काही कामाचे नाही' असा निकाल लागतो.

सरकारी योजनांची उणीव नेमकी येथेच आहे. केंद्राने १ एप्रिल २०१७ रोजी सुरू केलेल्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत गरीब ज्येष्ठांना शिबिरांतून चष्मा, कवळी, चाकाची खुर्ची यांबरोबर श्रवणयंत्रही विनामूल्य देण्याची तरतूद झाली. महाराष्ट्राने २०२४ मध्ये मुख्यमंत्री वयोश्री योजना आणून, वार्षिक कौटुंबिक उत्पन्न दोन लाखांपर्यंत असलेल्या ६५ वर्षांवरील नागरिकांच्या खात्यात अशा साधनांसाठी एकदाच तीन हजार रुपये जमा करण्याचे ठरविले. श्रवणयंत्रावर वस्तू व सेवा करही नाही. हेतू स्तुत्य आहे. पण तीन हजारांत नीट तपासून, कानाला जुळवून दिलेले डिजिटल यंत्र येत नाही आणि शिबिराचा मांडव उतरल्यावर जुळवणीसाठी कुणाकडे जायचे, हा प्रश्न उरतोच. निवृत्तिवेतनावर जगणारा शहरी मध्यमवर्गीय तर दोन्ही योजनांच्या बाहेर राहतो.

कायद्याची रेषाही उंच आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार दोन्ही कानांत ६० डेसिबलचा दोष असल्याखेरीज 'श्रवणबाधित' ही नोंद होत नाही. जागतिक आरोग्य संघटना मात्र चांगल्या कानात ३५ डेसिबलपासूनच मदतीची गरज मानते. या दोन आकड्यांच्या मध्ये ज्येष्ठांचा मोठा समुदाय अडकला आहे.

अमेरिकेने ऑक्टोबर २०२२ पासून प्रौढांच्या सौम्य व मध्यम दोषासाठी चिठ्ठीविना यंत्रविक्रीस मुभा दिली. आपल्याकडे तपासणीविना, ऑनलाइन घेतलेले स्वस्त 'कानाचे मशीन' मात्र बहुधा सगळेच आवाज सरसकट वाढविते. शब्दाबरोबर गोंगाटही वाढतो आणि यंत्राविषयी कायमची नाराजी बसते. अचानक ऐकू न येणे, एकाच कानाचा दोष, कान वाहणे किंवा चक्कर येणे अशी लक्षणे असतील तर यंत्राआधी कान-नाक-घसा तज्ज्ञ गाठणे अनिवार्य आहे. वांद्र्याच्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेसारखी तपासणीची सार्वजनिक केंद्रे आहेत, परंतु त्यांचा ज्येष्ठांना पुरेसा परिचय नाही.

तेव्हा योजनांचे यश किती यंत्रे वाटली यावर न मोजता, सहा महिन्यांनी किती कानांत आहेत यावर मोजले गेले पाहिजे. जिल्हा रुग्णालयात श्रवणतज्ज्ञाच्या ठरलेल्या वेळा आणि ज्येष्ठ नागरिक संघांतून जुळवणीचे मासिक वर्ग, एवढ्याने बरेच साधेल. घरच्यांचेही काही कर्तव्य आहे: टीव्हीचा आवाज कमी करावा, समोर बसून सावकाश बोलावे आणि 'राहू दे' हा शब्द टाळावा. चाळिशीला जसा घरात मान मिळाला, तसा कानातील या लहानशा यंत्रालाही मिळाला, तर अनेक घरांतील अबोला संपेल.