पुराव्याची तरतूद

नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाने २०१९ साली एमबीबीएसच्या न्यायवैद्यकाच्या अभ्यासक्रमातून ‘कौमार्याची लक्षणे’ हा भाग वगळला. त्याला शास्त्राचा आधार नाही, हे सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेतील डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी साधार मांडले होते. डॉक्टरांच्या कित्येक पिढ्या हा मजकूर पाठ करून परीक्षा देत आल्या आणि पुढे कोर्टात साक्षीला उभ्या राहिल्या. देसाईगंजच्या पोलीस ठाण्यातल्या १९७२ च्या मथुरा बलात्कार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये पोलिसांना निर्दोष सोडले, तेव्हा मुलीच्या अंगावर जखमा नव्हत्या हा मुद्दा निर्णायक ठरला. जखम नाही म्हणजे संमती, हा समज तपासून न पाहताच खरा धरला गेला होता. पीडितेचे कौमार्य ठरवू पाहणारी दोन बोटांची चाचणी सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये अमान्य केली. तरीही ती करणे हे गैरवर्तन समजावे, असे २०२२ मध्ये पुन्हा बजावावे लागले. चुकीचे ज्ञान एकदा पुस्तकात शिरले की ते बाहेर काढायला एवढी वर्षे लागतात. म्हणूनच लैंगिक हिंसाचारावरचे संशोधन एखाद्या प्राध्यापकाच्या चिकाटीवर सोडता येणार नाही. त्यासाठी सरकारी तिजोरीतून दरवर्षी पैसा हवा.

आज आपल्याला नेमके काय माहीत आहे? २०२२ मध्ये देशात बलात्काराचे ३१,५१६ गुन्हे नोंदले गेले. पण ही पोलिसांच्या वहीतली मोजणी आहे. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने केलेली २०१९-२१ ची राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी सांगते की, शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी ७७ टक्के स्त्रियांनी ना कोणाची मदत मागितली, ना कोणाला सांगितले. विवाहित स्त्रियांवरच्या लैंगिक हिंसेत बहुतेकींनी नवऱ्याकडेच बोट दाखवले आहे, आणि सज्ञान पत्नीच्या बाबतीत ही हिंसा कायद्याने बलात्कारच ठरत नसल्याने पोलिसांच्या वहीत ती त्या नावाने कधीच चढणार नाही. ही पाहणी सरकारने करवली म्हणून एवढे तरी कळले. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात निम्म्याहून अधिक मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक छळ झाल्याचे सांगितले. ‘पोक्सो’ कायदा २०१२ मध्ये आला, तो असा आकडा समोर असताना.

अभ्यास कसले करता, गुन्हेगाराला फाशी द्या, हा आक्षेप रागातून येतो आणि तो राग खरा आहे. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने २०२१ मध्ये मंजूर केलेल्या शक्ती विधेयकात मृत्युदंडाची तरतूद होती. पण आरोपी बहुतेक वेळा ओळखीचा, नात्यातला असतो. फाशीच्या भीतीने घरचेच मुलीला गप्प बसवतील का, हे आधी तपासायला नको? दुखऱ्या जागेला हात लावू नये, असेही म्हटले जाते. त्याचे उत्तर कुटुंब आरोग्य पाहणीतच आहे: घरातल्या एकाच स्त्रीला हे प्रश्न विचारायचे, आणि एकांत मिळाला नाही तर विचारायचेच नाहीत. तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. सरकार स्वतःविरुद्धचा निष्कर्ष छापेल का? केरळमध्ये चित्रपटसृष्टीतल्या स्त्रियांच्या छळाचा अभ्यास करणाऱ्या हेमा समितीने डिसेंबर २०१९ मध्ये दिलेला अहवाल ऑगस्ट २०२४ पर्यंत बाहेर आला नाही. मग पैशाबरोबर मुदतही कायद्यात लिहा. अहवाल आल्यावर, पीडितांची ओळख झाकून, सहा महिन्यांत तो जाहीर झालाच पाहिजे.

डॉक्टरांना पदवी देणारे विद्यापीठ आणि फौजदार घडवणारी महाराष्ट्र पोलीस अकादमी, दोन्ही नाशकात आहेत. पीडितेला प्रथम तपासणारा आणि तिचा जबाब प्रथम लिहून घेणारा, दोघांचेही शिक्षण या शहराशी जोडलेले आहे. या दोन संस्थांनी मिळून कायमचे संशोधन केंद्र उभारावे आणि राज्य सरकारने येत्या अर्थसंकल्पात त्याला स्वतंत्र तरतूद द्यावी, अशी आमची मागणी आहे. वाचकहो, हा अंक मिटल्यावर आपल्या आमदारांना तेवढे एक पत्र लिहा.