विश्लेषण : सव्वा कोटीची एसयूव्ही घ्यायची, पण जुहूत ठेवायची कुठे?

मर्सिडीजची जीएलएस, बीएमडब्ल्यूची एक्स ७, ऑडीची क्यू ७ आणि व्होल्वोची एक्ससी ९०. चौघींतही आसनांच्या तीन रांगा, चारही चाकांना ताकद आणि एअर सस्पेन्शन. शोरूममध्ये एकीतून उतरून दुसरीत बसले की निवड आणखी अवघड होते. जुहूतल्या खरेदीदाराने मात्र माहितीपत्रकाआधी मोजपट्टी हातात घ्यावी, अशी स्थिती आहे. ती का?

चौघींत फरक किती?

लांबीत जीएलएस सुमारे ५.२१ मीटर, एक्स ७ ५.१८, क्यू ७ ५.०७ आणि एक्ससी ९० ४.९५ मीटर. म्हणजे सर्वांत मोठी आणि सर्वांत लहान यांत वीतभराचे अंतर. रुंदी चौघींची दोन मीटरच्या आसपास. आरसे उघडले की त्याहून जास्त. किमतीत मात्र सरळ दोन गट पडतात. क्यू ७ आणि एक्ससी ९० कोटीच्या आसपास, तर जीएलएस आणि एक्स ७ सव्वा कोटीच्या घरात.

इमारतीतल्या जागेचा प्रश्न काय?

मुंबईच्या विकास नियमावलीत मोठ्या गाडीची जागा २.५ बाय ५.५ मीटर, तर लहान गाडीची २.३ बाय ४.५ मीटर धरली आहे आणि निम्म्यापर्यंत जागा लहान मापाच्या ठेवण्याची मुभा आहे. तुमच्या वाट्याला लहान जागा आली असेल, तर या चौघींपैकी एकही तिच्यात मावत नाही. मोठी जागा मिळाली तरी दोन्ही बाजू मिळून उरते जेमतेम अर्धा मीटर. त्यात शेजारी स्टिल्टचा खांब आला, तर मागच्या दारातून आजी-आजोबांना उतरवायचे कसे? मग चालक सगळ्यांना फाटकातच उतरवतो आणि गाडी एकटा आत नेतो. हे दृश्य जुहूत नवे नाही.

यांत्रिक स्टॅक पार्किंग असेल तर आणखी एक पेच. सेडानची उंची साधारण दीड मीटर. जीएलएस आणि एक्स ७ यांची १.८ मीटरच्या वर आणि वजन अडीच टनांच्या आसपास. यंत्रावर उंचीची आणि वजनाची मर्यादा लिहिलेली असते. बुकिंगची रक्कम भरण्याआधी ती वाचावी आणि सोसायटीकडून लेखी खातरजमा करून घ्यावी. नोंदणीसाठी पार्किंगचा दाखला सक्तीचा करण्याची घोषणा परिवहनमंत्री प्रताप सरनाईक यांनी मे २०२५ मध्ये केली होती. जागेचा प्रश्न आता फक्त शेजाऱ्यांच्या भांडणापुरता राहिलेला नाही, हे त्यातून दिसते.

नोंदणीला किती पैसे लागतात?

सप्टेंबर २०२५ पासून अशा गाड्यांवर ४० टक्के जीएसटी आहे. आधी उपकरासह तो ५० टक्के होता. इथे दिलासा मिळाला, पण राज्याच्या एकरकमी करात उलट घडले. १ जुलै २०२५ पासून या कराची कमाल मर्यादा २० लाखांवरून ३० लाखांवर गेली. व्यक्तीच्या नावावर २० लाखांवरील पेट्रोल गाडीला १३ टक्के, डिझेलला १५ टक्के. कंपनीच्या नावावर २० टक्के. १ कोटी ३० लाखांच्या गाडीवर हा कर पेट्रोलसाठी १६.९ लाख, डिझेलसाठी १९.५ लाख आणि कंपनीच्या नावावर २६ लाख होतो. घसाऱ्याचा फायदा मिळावा म्हणून व्यावसायिक सहसा कंपनीच्या नावावर गाडी घेतात. ती सवय आता हिशेब मांडूनच पाळावी.

पेट्रोल की डिझेल?

जीएलएस आणि एक्स ७ मध्ये दोन्ही पर्याय मिळतात. ऑडी आणि व्होल्वो यांनी डिझेल सोडले आहे. जुहू ते वांद्रे-कुर्ला संकुल एवढाच रोजचा प्रवास असेल तर डिझेलसाठी जादा कर भरण्यात अर्थ नाही. दर आठवड्याला नाशिक किंवा कोल्हापूर होत असेल, तर गोष्ट वेगळी. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने पेट्रोल-डिझेल वाहने टप्प्याटप्प्याने हटवण्याच्या शक्यतेचा अभ्यास करायला सांगितले होते, हेही दहा वर्षे गाडी वापरणाऱ्याने ध्यानात ठेवावे.

मग कोणती घ्यावी?

मालक मागे बसणार असेल आणि जागा खरोखर ५.५ मीटरची असेल तर जीएलएस. तिचा व्हीलबेस एक्स ७ पेक्षा ३० मिलिमीटर लांब आहे. स्वतः चालवायची हौस असेल तर एक्स ७. तिसरी रांग वर्षातून गणपतीला आणि एखाद्या लग्नाला लागणार असेल, तर वरचे पंचवीस-तीस लाख कशासाठी, हे घरात बसून ठरवावे. जुन्या इमारतीत राहणाऱ्यांसाठी क्यू ७ किंवा एक्ससी ९० हीच शहाणी निवड ठरते. विम्यात इंजिन संरक्षणाची जोड मात्र चौघींनाही हवी. पाणी शिरून इंजिन बिघडले तर साधी पॉलिसी बहुधा ते भरून देत नाही आणि अंधेरी सबवे दर पावसाळ्यात तुंबतो.

चाचणी फेरीसाठी विक्रेता गाडी घरी आणतो. ती गल्लीत फिरवून परत पाठवू नये. आपल्याच जागेत लावायला सांगावी आणि चारही दारे उघडून पाहावीत.