खालच्या ओळी

मुलीकडे दिवाळीला जावे ते चार दिवस पाहुणचार घ्यायला. मी मात्र तिथे जाऊन भांडण काढले, आणि तेही एका मतपत्रिकेवरून! भांडण कसे लागले ते सांगतो. निवाडा तुम्हीच करा.

२०२४ सालची दिवाळी आम्ही उभयतांनी अमेरिकेत, न्यू जर्सी राज्यात, लेकीच्या घरी केली. लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला आणि मतदान ५ नोव्हेंबरला. त्यामुळे फराळाच्या डब्यांबरोबर निवडणुकीची पत्रकेही दारात येऊन पडत होती. घरोघरच्या हिरवळीत उमेदवारांच्या पाट्या खोवलेल्या. राष्ट्राध्यक्षाच्या नावाची पाटी चांगली मोठी, आणि तिच्या पायाशी एक बुटकी पाटी : अमक्यांना काउंटी कमिशनर म्हणून पुन्हा निवडून द्या.

काउंटी म्हणजे आपला जिल्हा समजा. न्यू जर्सीत असे २१ जिल्हे आहेत. प्रत्येकाचे एक निवडून आलेले मंडळ असते आणि सभासदाची मुदत तीन वर्षांची. मोठे रस्ते, पूल, बागा असला कारभार त्यांच्याकडे. या सभासदांना २०२० सालापर्यंत ‘फ्रीहोल्डर’ म्हणत, म्हणजे स्वतःची जमीन असलेला गृहस्थ. ज्या काळी जमीनवाल्यालाच कारभारात जागा होती, त्या काळाचा हा शब्द. अखेर कायदा करून १ जानेवारी २०२१ पासून तो बदलला. मला हे सगळे ठाऊक, कारण रिकामटेकडा सासरा दारात पडलेली सगळी पत्रके वाचतो!

पाडव्याच्या दिवशी तिथल्या मराठी मंडळींचा कार्यक्रम होता. बुटक्या पाटीवरचे ते गृहस्थ तिथे हजर! हात जोडले, चकली खाल्ली, डोळ्यांत पाणी आले तरी छान म्हणाले. मी संधी साधली. लेकीच्या घराजवळच्या मोठ्या रस्त्यावर निळी पंचकोनी पाटी आहे. तसली पाटी म्हणजे रस्ता काउंटीचा. तो ओलांडून बागेत जायचे तर रोज जीव मुठीत धरावा लागे. मी विचारले, “इथे पायी चालणाऱ्यांसाठी पांढरे पट्टे का नाहीत?” त्यांनी खिशातून वही काढली, रस्त्याचा नंबर लिहून घेतला आणि म्हणाले, “बघतो. वचन देत नाही.” मला माणूस बरा वाटला.

घरी आलो तर जेवणाच्या टेबलावर लेकीची टपालाने पाठवायची मतपत्रिका पडलेली. वर राष्ट्राध्यक्ष, मग सिनेट, मग प्रतिनिधी. तिथवर खुणा झालेल्या; खालच्या ओळी कोऱ्या.

“हे काय?” मी विचारले.

“बाबा, खालच्या ओळी कोण वाचतो!” जावईबापू हसत म्हणाले. “त्या माणसांना कोण ओळखतंय?”

“तुम्ही ओळखत नसाल. पण तुमच्या दारचा रस्ता त्यांच्या हातात आहे.” माझा आवाज चढला. आमच्या सौ.नी डोळ्यांनी दटावले, पण मी थांबतो कसला! मला काका आठवले होते.

१ मे १९६२ रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा सुरू झाल्या, तेव्हा आमचे काका कोकणातून पहिल्या खेपेला सभासद झाले. १९६७ साली पुन्हा उभे राहिले. मी अकरा वर्षांचा. पत्रकांचा गठ्ठा घेऊन त्यांच्यामागून वाडीवाडी फिरत होतो. एका घरी ओटीवर म्हातारी सूप घेऊन बसली होती. काकांनी हात जोडले. ती म्हणाली, “ओढ्यावर साकव घालतो म्हणाला होतास. पाच पावसाळे गेले. माझी नात शाळा सोडून घरात बसली.”

काका काही बोलले नाहीत. ओटीच्या कडेला बसले, तिने दिलेले पाणी प्यायले आणि उठले. निवडणूक ते हरले. आम्ही पोरे त्या म्हातारीला नावे ठेवू लागलो, तेव्हा काका म्हणाले, “तिचं काय चुकलं? पुन्हा मागायला गेलो म्हणून तर ऐकायला मिळालं. नाहीतर मला साकवाची आठवणसुद्धा नव्हती.”

साकव पुढे दोन वर्षांत झाला. नव्या सभासदाला पक्के ठाऊक होते, पाच वर्षांनी त्याच ओटीवर जायचे आहे.

हे सांगून मी लेकीला म्हटले, “आपल्याकडे मार्च २०२२ मध्ये बऱ्याच जिल्हा परिषदांची मुदत संपली. निवडणुका कोर्टकज्ज्यांत अडकल्या आणि कारभार प्रशासकाकडे गेला. दोन वर्षं उलटून गेली. प्रशासक माणूस चांगला असेल, हुशारही असेल. पण त्याला त्या ओटीवर जाऊन हात जोडायचे नाहीत. म्हातारीनं आज साकवाचं विचारायचं कोणाला? आणि तुझ्या दारात विचारायला माणूस आपण होऊन येतोय, तर तू त्याची ओळ कोरी सोडतेस!”

कोणी काही बोलले नाही. मलाही वाटले, सणासुदीचे जरा जास्तच झाले. सौ.नी चिवड्याची बशी पुढे सरकवली. थोड्या वेळाने लेकीने मतपत्रिका ओढून घेतली आणि पत्रकांचा ढीग समोर घेऊन खालच्या ओळी वाचू लागली. “पट्ट्यांचं विचारलंत ते हेच का हो?” तिने विचारले. मी मान हलवली. तिने पेन उचलले तसा मी खिडकीकडे तोंड फिरवले. खूण कोणापुढे केली ते तिचे तिला ठाऊक.

ते गृहस्थ निवडून आले. हल्ली दर फोनला मी आधी नातवंडांचे विचारतो आणि मग पट्ट्यांचे. “अजून नाहीत, बाबा,” लेक परवाच म्हणाली, “पण मी तारीख लिहून ठेवलीय. २०२७ साली येतीलच ना ते हात जोडून!”