दार उघडले, पण नोंद कोणाची?

अल्पसंख्याकांसाठी शासनाने वेगळे कार्यालय उघडावे काय, हा वाद महाराष्ट्रात केव्हाच मागे पडला आहे. इ. स. २००० मध्ये मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळ स्थापन झाले. २००६ च्या नोव्हेंबरात सच्चर समितीचा अहवाल आला आणि २००८ मध्ये राज्याचा अल्पसंख्याक विकास विभाग स्वतंत्रपणे कामाला लागला. अलीकडच्या वर्षांत छत्रपती संभाजीनगर येथे अल्पसंख्याक आयुक्तालयही आले. नांदेडच्या माणसाला मंत्रालय पाचशे किलोमीटरहून दूर पडते. त्यामुळे मराठवाड्यात दार उघडले, याचे आम्ही मनापासून स्वागत करतो.

तथापि दार उघडणे आणि आत प्रवेश मिळणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. कार्यालय माणसांना संख्येने व कागदाने ओळखते. सच्चर अहवालानंतर केंद्र शासनाने देशभरातून अल्पसंख्याकबहुल असे ९० जिल्हे निवडले. आपल्या शेजारचे परभणी व हिंगोली त्यांत होते. नांदेड व लातूर नव्हते. गरिबी मात्र जिल्ह्याची सीमा पाहून थांबत नाही. २०११ च्या जनगणनेत संपूर्ण राज्यात ख्रिस्ती लोक एक टक्क्याहूनही कमी भरले. नांदेड-लातूरमध्ये तर आपण अल्पसंख्याकांतील अल्पसंख्याक आहोत.

त्यातही खरी अडचण वेगळीच आहे. मराठवाड्यातील आपली अनेक कुटुंबे पूर्वाश्रमीच्या अस्पृश्य जातींतून आलेली आहेत. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा धर्माशी जोडला. पुढे १९५६ मध्ये शिखांना व १९९० मध्ये बौद्धांना तो मिळाला. ख्रिस्ती व मुस्लिम दलितांना मिळाला नाही. म्हणजे नांदेडचा दलित शीख किंवा लातूरचा दलित बौद्ध एकाच वेळी अनुसूचित जातीचा व अल्पसंख्याक असू शकतो. त्याच वस्तीतील ख्रिस्ती बांधवाला महाराष्ट्रात इतर मागासवर्गाच्या सवलतींवरच थांबावे लागते. शेजाऱ्याला मिळाले याचे आम्हांस मुळीच दुःख नाही. जातीचा जाच धर्म विचारून होत नाही, मग त्यावरील उपायानेच धर्म का विचारावा, एवढाच आमचा प्रश्न आहे.

या कोंडीत एखादा बाप मुलाच्या शाळेत धर्माच्या रकान्यात जुनीच नोंद राहू देतो. त्याला दोष देणे सोपे आहे. त्याची फी भरणे कठीण आहे. परंतु नोव्हेंबर २०२४ मध्ये, पुदुच्चेरीतील एका प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की ख्रिस्ती धर्म पाळून केवळ आरक्षणासाठी हिंदू म्हणवणे ही राज्यघटनेशी केलेली फसवणूक ठरते. म्हणजे ती वाट आता धोक्याची आहे. शिवाय जो कागदावर ख्रिस्ती नाही, त्याच्यापुरते अल्पसंख्याकांचे कार्यालय असून नसल्यासारखेच.

म्हणून तीन गोष्टी घडाव्यात असे आम्हांस वाटते. आयुक्तालयाचा माणूस जिल्ह्याच्या ठिकाणी नियमित भेटावा. देगलूर वा उदगीरच्या मजुराला एका अर्जासाठी रोजगार बुडवून संभाजीनगर गाठावे लागू नये. दुसरी गोष्ट आपल्या हातची आहे. प्रत्येक धर्मग्रामात दाखले, उत्पन्नाचे कागद व शिष्यवृत्तीच्या मुदती पाहणारी दोन शिकलेली मुले असावीत, आणि त्यांनी मुस्लिम, बौद्ध व शीख शेजाऱ्यांबरोबर मिळून हे काम करावे. तिसरी गोष्ट दिल्लीच्या हातची आहे: १९५० च्या आदेशातील धर्माची अट जावी. रंगनाथ मिश्र आयोगाने २००७ मध्ये हेच सुचवले होते. २०२२ मध्ये न्या. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली याच प्रश्नावर पुन्हा आयोग नेमला गेला.

कार्यालय म्हणजे उपकार नव्हे; हक्क मागण्याची ती जागा आहे. तेथे आपल्या माणसाला आपले खरे नाव सांगून उभे राहता यावे, त्यासाठी त्याला काही गमवावे लागू नये, एवढीच आमची मागणी आहे.