अक्कांची पेटी आणि आमचा स्पीकर



गेल्या महिन्यात आमच्या महिला मंडळाने एक स्पीकर घेतला. किंमत 14,500 रुपये. खजिनदार म्हणून पावतीवर सही माझी आहे, आणि ठरावाला हात वर करणाऱ्यांत मीही होते. यंदा दशलक्षण पर्वाचे दहाही दिवस भक्तामर आणि आरती मोबाइलवरच्या ट्रॅकवर म्हणायची, असं त्या सभेत ठरलं. अक्का सभेला नव्हत्या. सभा सभागृहात, दुसऱ्या मजल्यावर होती आणि त्यांच्या गुडघ्यांना आता जिने झेपत नाहीत. ठरल्यावर त्यांना सांगायचं कोणी, हा विषय कोणी काढला नाही. मीही नाही.

अक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. वय 76. आमच्या बस्तीत गेली तीस वर्षं पेटी त्याच वाजवतात. सांगलीत आमचं घर एकच, खाली त्या आणि वर आम्ही. त्यामुळे त्यांची पेटी मी रोज ऐकते, म्हणजे कानावर पडते. नीट ऐकायला लागले ती त्या सभेनंतर. मनात अपराधी वाटत होतं, म्हणून असेल.

पहाटे पाचला खाली दिवा लागतो. णमोकार, मग एक मुहूर्त, म्हणजे 48 मिनिटं सामायिक. अक्का सांगतात, "मांडीवर बोटं हलायला लागली की समजावं, सामायिक सुटलं." वीतरागाच्या दारात आपण राग घेऊन जातो, असं त्या स्वतःच हसून म्हणतात. पण ते हसण्यावारी नेत नाहीत. सामायिकाची वेळ आणि पेटीची वेळ त्यांनी एकमेकींत कधी मिसळू दिली नाही.

सकाळी त्यांची बोटं आखडलेली असतात. सांध्यांची झीज आहे, उजव्या अंगठ्याच्या मुळाशी जास्त. गाळलेलं पाणी उकळून उतरवलं की त्या पातेल्याच्या कडेपाशी दोन्ही पंजे शेकत बसतात. मला कित्येक वर्षं वाटायचं, थंडी वाजते म्हणून बसतात. आता कळलं, ती वाजवायची तयारी आहे. अंगठा दुखतो म्हणून त्यांनी बोटांची जुनी सवय मोडून नवी लावून घेतली, तीही सत्तरी उलटल्यावर. मैत्रिणींनो, आपल्याला मोबाइल बदलला तर आठ दिवस सुधरत नाही.

बस्तीतून येऊन नाश्ता झाला की साडेदहाला रियाज. खाली बसता येत नाही म्हणून पेटी एका बुटक्या टेबलावर आणि अक्का खुर्चीत. आधी श्रवणयंत्र काढून डबीत ठेवतात. ते यंत्र माणसांचं बोलणं ऐकण्यासाठी जुळवलेलं असतं. पेटीचा लांब धरलेला सूर त्याला शिट्टीसारखा वाटतो आणि ते तो दाबायला बघतं. म्हणून यंत्र काढून, पेटीवर जरा वाकून, उरलेल्या कानांनी त्या ऐकतात. वीस मिनिटं नुसते अलंकार. लग्नाआधी गुरुजींनी शिकवले तेच. मग एखादं भजन, मग भक्तामरातले पाच-सहा श्लोक.

या पाऊण तासात दारावरची बेल, फोन, कुकर, काही त्यांना ऐकू येत नाही. आणि घरच्यांचा सगळा राग यावरच. मी स्वतः वरून ओरडले आहे, "अक्का, कुकर!" म्हणून. त्यांचा मुलगा म्हणतो, "आईचा टाइमपास चाललाय." मुलगा वाईट नाही. पण त्याच खोलीत सून लॅपटॉप उघडून बसली की सगळे हळू बोलतात. ज्याचा पगार येतो त्याला आपण काम म्हणतो, आणि बाकीचं हौस.

अक्कांची पेटी लग्नात त्यांच्याबरोबर आली आणि माळ्यावर गेली. बावीस वर्षं तिथेच होती. सासू-सासरे, तीन मुलं, दुकानाचे नोकर, येणारे-जाणारे, चातुर्मासात महाराजांच्या आहाराची तयारी. धाकटा मुलगा इंजिनिअरिंगला गेला त्या आठवड्यात त्यांनी ती खाली काढली. पट्ट्या अडकलेल्या, भात्याला उंदरांनी पाडलेली भोकं. मिरजेला नेली. मिरज तंबोऱ्या-सतारींचं गाव, 2024 मध्ये तिथल्या सतार आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. पेटी दुरुस्त करणारा हातही तिथे सापडला. त्या दिवशी पेटी उघडलेली बघताना अक्कांना कळलं, की भात्याच्या कोपऱ्यांना आणि पट्ट्यांखालच्या झडपांना पातळ चामडं लावलेलं असतं. इतकी वर्षं माहीत नव्हतं. त्यांनी तिथेच कारागिराला सांगितलं, सगळं काढा. भात्याला रेक्झिन आणि झडपांना फेल्ट लावून घेतलं. कारागीर म्हणाला, हवा जाईल. जाते खरी. तेवढा भाता त्यांना जास्त मारावा लागतो, आणि डावा खांदा रात्री दुखतो. पण बस्तीत चामड्याची वस्तू न्यायची नाही म्हणजे नाही. आमच्याकडे तबला-ढोलकही याच कारणाने नाहीत. टाळ आणि ही पेटी, एवढीच आमची वाद्यं.

आपल्याला भक्तीचं वाद्य वाटणारी ही पेटी मूळची युरोपातली. आकाशवाणीने तिला 1940 मध्ये बाहेर काढलं होतं, ते 1971 पर्यंत. तेव्हा बाहेर पडणं तिला नवीन नाही.

पावसाळ्यात लाकूड फुगतं आणि पट्ट्या अडकतात. म्हणजे आपला चातुर्मास, जेव्हा बस्तीत सगळ्यात जास्त गाणं असतं, तेव्हाच पेटी रुसणार. दुपारी स्वाध्याय झाला की अक्का ती उन्हाच्या तिरिपेजवळ सरकवतात, कोरड्या फडक्याने पुसतात, एकेक पट्टी दाबून बघतात. मग थोडं आडवं होणं, चार वाजता निवडणं-टिपणं.

त्यांची खरी वेळ संध्याकाळची. आपल्याकडे रात्रिभोजन नाही, त्यामुळे सहाला पानं आणि सूर्यास्ताला चूल बंद. शेजारच्या घरांत तेव्हा कुठे कणीक मळायला घेतात. मी बी.कॉम. झालेली बाई, तासांचा हिशेब आपोआप होतो. सातपासून दहापर्यंत रोज तीन तास. आपल्या व्रताने आपल्याला हे तास दिले आणि आपण, मी धरून, ते मालिकांना दिले. अक्का रोज पाऊण तास वाजवतात. वर माझा टीव्ही चालू असतो, म्हणून त्या खिडकी लावून घेतात. माझा आवाज कमी करायला त्यांनी मला कधी सांगितलं नाही.

आता ठरावाबद्दल. तो मांडणाऱ्या मुली मूर्ख नाहीत, आणि उद्धट तर मुळीच नाहीत. त्यांचं म्हणणं साधं आहे. अक्कांची लय पडते, हे खरं आहे. आरतीत एखादा सूर चुकतो, हेही खरं. नव्या चालीची भजनं त्यांना येत नाहीत. नोकरी करणाऱ्या मुलींना सकाळी चाळीस मिनिटं असतात, त्यात पेटी लागेपर्यंत पाच जातात. ट्रॅक बटण दाबलं की सुरू होतो आणि कधी आजारी पडत नाही. यातलं काहीही मला खोडता येत नाही.

तरी मी हात वर केला ते चुकलंच. कारण भक्तामराचे श्लोक 48. आपल्यात कित्येकींना ते तोंडपाठ आहेत, पण मोजले कोणी नसतील, प्रत्येकाच्या चार ओळी म्हणजे 192 ओळी होतात. वसंततिलका वृत्त, ओळीत चौदा अक्षरं. साठी-सत्तरीच्या बाईला मध्येच श्वास घ्यावा लागतो. अक्का तेव्हा सूर धरून थांबतात. पुढच्या रांगेतल्या काकूंना खोकला आला की अर्धी ओळ मागे येतात. आपल्याला ते कधी कळतही नाही, आपल्याला वाटतं आपणच नीट म्हटलं. ट्रॅक थांबत नाही. बिचारा थांबणार कसा, त्याला आपण दिसतच नाही. तालमीत दोनदा बघितलं. बाराव्या-पंधराव्या श्लोकाला म्हाताऱ्या बायका गप्प झाल्या आणि टाळ्या वाजवत राहिल्या. मोबाइल एकटाच भक्तामर म्हणत होता.

पंचकल्याणकात आपण नीलांजनेचा प्रसंग कितीदा पाहिला आहे. नाचता नाचता तिचं आयुष्य संपतं, इंद्र क्षणात तिच्यासारखीच दुसरी उभी करतो आणि नाच चालू राहतो. सभेत कोणाच्या लक्षातही येत नाही, एका ऋषभदेवांशिवाय. दरवेळी आपल्याला वाटतं, आपण असतो तर आपल्याला कळलं असतं. इथे तर अक्का चांगल्या जिवंत आहेत, खाली भाता मारत आहेत, आणि आम्ही त्यांच्या जागी स्पीकर उभा करून प्रसाद वाटला.

कॉलेजात शिकलो होतो, की धंद्याने स्वतः कमावलेली ख्याती वहीत दाखवायची नाही, पैसे देऊन विकत घेतली तरच ती मालमत्ता. तेव्हा पाठ केलं आणि मार्क मिळवले. मंडळाच्या वहीत स्पीकर 14,500 ला लागला, पुढच्या वर्षी त्यावर घसाराही लागेल. अक्कांच्या तीस वर्षांची एकही ओळ त्या वहीत नाही. त्यांनी कधी रिक्षाचे पैसेसुद्धा मागितले नाहीत, मग नोंद होणार कशाची?

गेल्या गुरुवारी संध्याकाळी टीव्ही बंद केला आणि खाली गेले. अक्का भक्तामरच वाजवत होत्या, दशलक्षणाची तयारी. मी सगळं सांगितलं. माझ्या सहीचंही. त्यांनी भाता थांबवला नाही, एक सूर तसाच धरून ठेवला. मग विचारलं, "केवढ्याला आला गं?"

सांगितलं.

"पावती नीट घेतलीस ना?"

मला हसावं की रडावं कळेना. थोड्या वेळाने म्हणाल्या, "बदलायचं होतं तर बदला. माझी बोटं मलाही ठाऊक आहेत. पण मला सांगायला हवं होतं. मी रोज बसतेय इथं." एवढंच. मग म्हणाल्या, "ट्रॅकची पट्टी कोणती?"

मला माहीत नव्हतं. मोबाइलवर लावला. त्यांनी डबीतून श्रवणयंत्र काढून कानाला लावलं, दोन पट्ट्या चाचपल्या आणि सापडली. काळी पाच. "अगं, आपण काळी तीनवर म्हणतो. पूर्वी चारवर म्हणायचो, सगळ्यांचे आवाज उतरले म्हणून मीच खाली आणली, दहा वर्षं झाली. या पट्टीत त्या बायका गाणार कशा?" त्यांच्या जागेबद्दल बोलायला मी गेले होते, आणि त्यांना काळजी पुढच्या रांगेची.

रविवारी दुपारी तीनला मंडळाची सभा आहे. या वेळी ती आमच्याकडे, खालच्या मजल्यावर ठेवली आहे. मी असं मांडणार आहे: नवी भजनं आणि मुलांचे कार्यक्रम स्पीकरवर, तो घेतलाच आहे तर वापरू. भक्तामर आणि आरती पेटीवर, काळी तीनमध्ये. आणि अक्कांच्या शेजारी रोज एक मुलगी बसेल, लय पडली तर टाळ धरायला आणि हळूहळू पेटी शिकायला. नववीतली एक मुलगी तयार आहे. तिची आई म्हणाली, "अभ्यास सांभाळून." अक्का म्हणाल्या, "साडेदहाला नको, ती माझी वेळ आहे. संध्याकाळी सातला पाठव."

ठराव मंजूर होईल की नाही, सांगता येत नाही. मतं मोजली तर दोन कमी पडतात.